पहिल्या घासानंतर

“कोठावदेबाई, उद्याची प्रस्तावना मी करेन म्हणतो,” सबनीस सर शिक्षकखोलीच्या दारातूनच म्हणाले. हातात चहाचा कप होता. आत येऊन त्यांनी माझ्यासमोरची खुर्ची ओढली. “म्हणजे निबंध तुम्हीच वाचायचा. मी आपलं आधी दहा-पंधरा मिनिटं बोलेन. केंद्राची भूमिका, ही पद्धत कशी घडली, वगैरे. आणि निबंधावर दोघांची नावं टाकलीत. माझं आधी आलंय, ते आपलं वयाच्या मानाने. हरकत नाही ना?”

माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

“छान,” ते म्हणाले. “मौनं संमतिलक्षणम्.”

शेजारी दमयंती टिळेकर जेवत होती. ती आमच्याकडे वरच्या वर्गांना शिकवायची, आणि मनातलं जिभेवर यायला तिला फारसा वेळ लागत नसे. तिने चमचा डब्यात ठेवला.

“सर, शैलाताई जेवताना बोलत नाहीत. इतकी वर्षं बघताय की तुम्ही.”

“म्हणून तर मला त्यांच्याबद्दल आदर आहे. आजकाल कोण पाळतं एवढं? तुम्हीही एखादा नेम धरून बघा, टिळेकर. मौनाचाच धरा. आम्हाला पुण्य लागेल.”

ते हसले आणि कप घेऊन निघून गेले. मी डबा संपवला, हात धुतले आणि त्यांच्या खोलीकडे गेले. खोलीला बाहेरून कडी होती. शिपाई म्हणाला, “साहेब हॉल बघायला गेले, बाई. आता उद्याच.”

पुण्यातल्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचं जपानी भाषेचं केंद्र होतं. सबनीस सर त्याचे संचालक. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, जपानी शिकवणाऱ्यांचं चर्चासत्र आम्ही भरवलं होतं. मुंबई, नाशिक, पार बंगळूरहून शिक्षक यायचे होते. सकाळी इतरांचे निबंध होते. जेवणानंतर माझा निबंध आणि त्यासोबत वर्गाचं प्रात्यक्षिक.

जेवतानाचं मौन माझ्याकडे अक्काकडून आलं. अक्का म्हणजे माझी आत्या. धुळ्याला तिच्याच घरी मी वाढले. पानावर बसलं, देवाचा घास बाजूला काढला, पहिला घास तोंडात गेला, की जेवण संपेपर्यंत शब्द नाही. बोललंच तर अन्नाला नमस्कार करून उठायचं, आणि दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत पुन्हा अन्नाला हात लावायचा नाही. अन्न समोर असताना इकडचं तिकडचं बोलणं म्हणजे दारी आलेल्या पाहुण्याकडे पाठ करून बसणं, असं अक्का म्हणायची. माझे आणखीही काही नेम आहेत. रोज पूजेनंतर त्या त्या वाराची कहाणी वाचते, संध्याकाळी दिव्यापाशी बसते. याचा मी कुठे गाजावाजा करत नाही. माझा आवाजही मुळात लहान. वर्गात मागच्या बाकावरची मुलं पुढे येऊन बसतात ती हुशारीने नव्हे, ऐकू यावं म्हणून.

त्या दुपारी मी तुळसाचा सराव घेतला.

तुळसा किरवे वेल्ह्याकडची. शहरातल्या एका इस्पितळात अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करायची. जपानमधल्या वृद्धाश्रमांना अशा मुली हव्या असतात, आणि त्यांना तिकडची भाषा शिकवणारा आमचा एक वर्ग होता. तुळसाचे शब्द पाठ, लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी पास. पण मुलाखतीत दोनदा नाकारली गेली. मुलाखत संगणकाच्या पडद्यावर व्हायची. पलीकडची व्यक्ती बोलायला लागली की तुळसा हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून ऐकायची. एक शब्द सोडायची नाही. पण आवाज म्हणून काढायची नाही. पलीकडचा माणूस दोन वाक्यं बोलून थांबायचा. “ऐकू येतंय ना?” पुन्हा दोन वाक्यं. पुन्हा तेच. मग तिकडून कळायचं की मुलीला समजत नाही, किंवा समजून घ्यायची इच्छा दिसत नाही.

जपानी माणूस बोलत असतो तेव्हा ऐकणाऱ्याने मधून मधून आवाज द्यावा लागतो. हं, हो का, खरंच, असं. त्याला ते आइझुची म्हणतात. ती नसेल तर बोलणाऱ्याला वाटतं, आपण भिंतीशी बोलतोय. पुस्तकांत याचा अर्ध्या पानाचा धडा असतो. मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. मीही अनेक वर्षं तसाच शिकवला. मग एका श्रावणात अक्का माझ्याकडे राहायला आली. मी कहाणी वाचत होते, ती हातात अक्षता धरून ऐकत होती, दर वाक्याला “हूं” म्हणत होती. तिला डुलकी लागली, हुंकार थांबला आणि माझं वाचणं आपोआप थांबलं. लहानपणापासूनचा नियमच होता तो आमचा. हुंकार थांबला की कहाणी जिथे असेल तिथे थांबते. राणी अर्ध्या जिन्यात असली तरी अर्ध्या जिन्यात.

पुढच्या सोमवारी मी वर्गात तांदूळ घेऊन गेले. दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाने जपानीत गोष्ट सांगायची, दुसऱ्याने मूठभर तांदूळ घेऊन ऐकायचं. प्रत्येक हुंकाराला एक दाणा सांगणाऱ्याच्या वाटीत टाकायचा. हुंकार थांबला की सांगणाऱ्याने तोंड मिटायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी. आधी हसाहशी झाली. मग हळूहळू मुलांना कळायला लागलं, की गोष्ट दोघांनी मिळून सांगायची असते. दीड वर्ष मी हे करून पाहिलं, कोण कुठे अडतं ते टिपून ठेवलं, आणि त्यावर निबंध लिहिला. त्या निबंधात सगळ्यात जास्त कोणी असेल तर तुळसा होती. सगळ्यात जास्त अडलीही होती तीच.

“सेन्सेई,” ती सुरुवातीला म्हणाली होती. सेन्सेई म्हणजे बाई, गुरुजी, सगळंच. “थोरामोठ्यांच्या बोलण्यात मधी मधी हूं हूं करायचं म्हंजी चोंबडेपणाच की. आमच्यात तर कानाखाली बसंल.”

“तुझी आजी गोष्ट सांगायची का?”

“सांगायची की.”

“मग गप्प बसायचीस?”

तिने विचार केला. “न्हाई. ‘मग?’ म्हणायचे. म्हटलं न्हाई तर आजी म्हणायची, झोपली वाटतं भवानी.”

“तीच आजी समज.”

त्या शुक्रवारी तिचा हात भरभर चालत होता. वाटीत दाणे टपटप पडत होते. तरी मधेच तिने मूठ मिटली.

“उद्या त्या मोरिताबाई येणारेत न्हवं? आश्रमाच्या?”

“हो.”

“मुलाखत न्हाई म्हणाल्या, वर्गातच बघू. आन् त्यांनी बी न्हाई म्हटलं तर?”

उत्तर तिला ठाऊक होतं. तीन नकार झाले की केंद्र त्या मुलीचं नाव वर्गातून काढायचं. इस्पितळातली नोकरी तिने सोडलेली होती. गावी थोरल्या भावाने स्थळ बघून ठेवलं होतं आणि दर आठवड्याला फोन करून विचारत होता, “झालं का तुझं जपान?”

“उद्या तांदूळ मी घरून आणते,” तुळसा म्हणाली. “ह्ये लई जुनं हाईत. हाताला लागत न्हाईत.”

शनिवारी सकाळी सभागृह भरलेलं होतं. नाशिकच्या एका गृहस्थांनी पडद्यावर इतके रंगीत स्तंभ दाखवले की दमयंती माझ्या कानाशी लागली. “यात भाषा कुठल्या रंगाची, विचारू का?” मी तिचा हात दाबून धरला. पहिल्या रांगेत मोरिताबाई बसल्या होत्या. साठीच्या असतील. करड्या केसांचा आखूड कट, गुडघ्यांवर नीट ठेवलेली पिशवी. प्रत्येक वक्त्याला त्या मान हलवून, ओठ न उघडता दाद देत होत्या. ज्याला ते दिसत होतं तो जरा बरा बोलत होता.

तुळसा मला सकाळपासून दिसली नव्हती.

जेवणाची व्यवस्था मागच्या दालनात होती. लांब टेबलं, स्टीलची ताटं, मसालेभात, वरण, अळूची भाजी, जिलबी. मी टोकाची जागा घेतली. देवाचा घास काढला, हात जोडले, वरणभाताचा पहिला घास घेतला.

तेव्हा सबनीस सर आले. बरोबर मोरिताबाई आणि मृण्मयी. मृण्मयी आमचीच जुनी विद्यार्थिनी. संगणक कंपनीत होती, दोन वर्षं जपानमध्ये राहून आलेली, फाडफाड बोलायची. सरांनी मोरिताबाईंना माझ्या शेजारची खुर्ची दिली आणि स्वतः समोर बसले.

“कोठावदेबाई, एक छोटासा बदल,” ते मराठीत म्हणाले. “प्रात्यक्षिकाला मृण्मयीला बसवतोय. बाहेरची एवढी माणसं आलीत, आपली इभ्रत आहे. ती किरव्यांची मुलगी मधेच अडकली तर तुमच्याच निबंधाचं हसं. मृण्मयी जरा नवखी असल्यासारखं करेल. सुरुवातीला अडखळेल, मग सुधारेल. आम्ही सकाळी बसवलंय ते.”

मृण्मयी माझ्याकडे बघत नव्हती. “मॅडम, सर म्हणाले की तुमचीच कल्पना...” ती पुटपुटली.

सर मोरिताबाईंकडे वळले. जपानीत म्हणाले, “ही मुलगी दीड वर्षापूर्वी शून्यापासून सुरुवात केलेली. कोठावदे सेन्सेईंनीच निवडली आहे. त्यांची पूर्ण संमती आहे.”

माणूस माझ्या कानाशी दोन भाषांत बोलत होता, आणि दोन्ही मला येत होत्या, आणि त्याला त्याची पर्वा नव्हती.

मोरिताबाई माझ्याकडे वळून किंचित झुकल्या. “मोठे कष्ट घेतलेत आपण,” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. माझ्याकडून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, “वर्ग बघायची फार उत्सुकता आहे.” पुन्हा थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तेच आलं जे तुळसाच्या मुलाखतीत पडद्यावर यायचं. ऐकू येतंय ना या बाईला?

“त्यांचं धार्मिक व्रत आहे,” सरांनी जपानीत खुलासा केला. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, “तुम्ही सावकाश जेवा. तुळसाची काळजी करू नका. तिला पाणी वाढायला सांगितलंय, तेवढीच तिची मदत. विचारलं मी तिला, तुझ्याऐवजी मृण्मयी बसली तर चालेल ना? काही बोलली नाही.”

काही बोलली नाही.

तेव्हा मला तुळसा दिसली. पलीकडच्या टेबलाशी पाण्याचा जग घेऊन उभी होती. चर्चासत्रासाठी म्हणून इस्त्री केलेला निळा पंजाबी ड्रेस, ओढणीच्या टोकाला बांधलेली गाठ. तांदळाची. ती एकाच्या पेल्यात पाणी ओतत होती, बघत मात्र आमच्याकडे होती. पेला भरून पाणी ताटात गेलं तरी तिला कळलं नाही.

“अहो ताई, भात वाहून चालला,” तो माणूस म्हणाला.

तिने मान खाली घातली. हात आवरले. थोर माणूस बोलला की करायचं ते केलं. आणि थोर माणसाने त्याचा हवा तो अर्थ घेतला.

माझ्या हातात दुसरा घास होता. तो तसाच धरून मी सरांच्या चहाच्या कपाकडे बघत राहिले. जेवणाच्या पंगतीतही त्यांच्या हातात चहाचा कप होता. तो कप मी किती दुपारी बघितला होता. रविवारचा जादा वर्ग माझ्या गळ्यात पडला, तेव्हा तो कप होता आणि माझ्या तोंडात पोळी होती. दिवाळीची माझी सुटी दुसऱ्याला दिली, तेव्हा तो होता. माझी मोठी खोली जाऊन मला जिन्याखालची मिळाली, तेव्हाही. काल निबंधावर नाव चढलं, तेव्हाही. एरवी हा माणूस सकाळी, संध्याकाळी, जिन्यात भेटायचा आणि हवापाण्याचं बोलायचा. कामाचं असं काही मागायचं असलं की ते दुपारी यायचे. दाराशी क्षणभर रेंगाळायचे. मी मान वर करायचे तेव्हा घास तोंडात गेलेला असायचा. मग ते खुर्ची ओढायचे. आणि मी हात धुऊन जाईपर्यंत खोलीला कडी.

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांची वेळ चुकते.

आदर आहे म्हणाले होते. असेलही. घराला कुलूप नसतं हे ज्याला ठाऊक असतं, त्याला त्या घराबद्दल वाटावा तसा.

मला राग फार येत नाही. आला तरी मी तो देवापाशी नेऊन ठेवते. त्या दिवशी मात्र देवापाशी न्यायला वाटच उरली नव्हती, कारण हा माणूस तिथेच बसलेला होता. मी अन्नासाठी धरलेलं मौन त्याने स्वतःच्या कामाला लावलं होतं. मी डोळे मिटून जे रोज देवाला देत होते, ते हा मधल्यामधे उचलत होता.

मी घास ताटात ठेवला.

“नाही, सर,” मी म्हणाले.

माझा आवाज नेहमीएवढाच होता. पण टेबलावर चमचे थांबले. दमयंती दोन खुर्च्या पलीकडे होती, तिने जिलबी तोंडाशी नेली होती ती तशीच राहिली.

“बाई,” सर म्हणाले. “तुम्ही बोललात?”

“बोलले.”

“अहो पण... जेवताना? नंतर बोलू की आपण. आधी जेवून घ्या.”

“माझं जेवण झालं.”

“हे पाहा, तुमचं एवढ्या वर्षांचं व्रत. या क्षुल्लक गोष्टीवरून मोडायचं? मलाच पाप लागेल.”

“व्रत माझं आणि देवाचं आहे, सर. त्यात मधे तुम्ही येऊन बसला होतात. आज तेवढं तुम्हाला उठवलं.”

ते इकडेतिकडे बघून हसले. “सकाळपासूनची दगदग. बाई दमल्यात.”

“दमले नाही. काल निबंधावर नाव घातलंत, त्यालाही मी हो म्हटलेलं नाही. ते आपण सोमवारी बोलू. आत्ता या पाहुण्यांना तुम्ही खोटं सांगितलंत, ते आत्ताच निस्तरलं पाहिजे.”

“आवाज जरा...”

“माझा आवाज एवढाच आहे. ऐकू येत नसेल तर पुढे येऊन बसा.”

दमयंतीला ठसका लागला. कोणीतरी तिला पाणी दिलं.

मी मोरिताबाईंकडे वळले. जपानीत सांगितलं, अगदी साध्या शब्दांत. मघाशी उत्तर दिलं नाही याबद्दल क्षमा असावी. माझं मौन म्हणजे संमती नव्हती. ही मुलगी चांगली आहे, पण ती नवखी नाही, ती तुमच्या देशात राहून आली आहे. मी जिच्यावर काम केलं ती मुलगी तिथे पाणी वाढते आहे. ती अडखळेल. अडखळली तर निबंध माझा पडेल, पण जे दिसेल ते खरं असेल.

मोरिताबाई माझ्या प्रत्येक वाक्याला हलकेच “हं” म्हणत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी सबनीस सरांकडे बघितलं. काही बोलल्या नाहीत. सरांना त्या गप्प बसण्यात काय ऐकू आलं कोण जाणे, पण त्यांच्या गळ्याशी घाम आला.

मृण्मयी उठली. “मी नाही बसत, सर,” ती म्हणाली. “मला सकाळपासून कसंतरीच होत होतं.”

मी ताटाला नमस्कार केला. वाढलेलं अन्न टाकायचं म्हणून जीव तुटला, तेही आठवतं. हात धुतले आणि तुळसापाशी गेले.

“जग खाली ठेव.”

“सेन्सेई, सर म्हणाले की...”

“तुला चालणार होतं का?”

तिने मान हलवली, नाही अशी.

“मग नाही म्हणून तोंडाने म्हण.”

“न्हाई,” ती म्हणाली. एवढ्यातच तिचे डोळे भरले.

“हात पूस. तांदूळ ओले होतील.”

प्रस्तावना झाली नाही. सर पहिल्या रांगेत बसले होते, पण उठले नाहीत. मी निबंध वाचला. मग व्यासपीठावर दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या, मधे स्टुलावर वाटी. गोष्ट सांगायला मी दमयंतीला बसवणार होते, तेवढ्यात मोरिताबाई उठून वर आल्या.

“मी सांगितली तर?” त्यांनी विचारलं.

मी त्यांना नियम सांगितला. हुंकार थांबला की थांबायचं, वाक्य अर्धं राहिलं तरी.

त्यांनी त्यांच्या आश्रमाच्या अंगणातल्या झाडाची गोष्ट सांगायला घेतली. त्याला टोमॅटोसारखी नारिंगी फळं लागतात. आश्रमात एक नव्वदीच्या आजी होत्या. त्यांना वाटायचं, झाड त्यांच्या माहेरचं आहे. तुळसाने पहिला दाणा टाकला. तोंडून आवाज आला नाही. मोरिताबाई थांबल्या, नियमाप्रमाणे. सभागृहात कोणीतरी खुर्ची सरकवली. सबनीस सरांनी वळून शेजाऱ्याकडे बघितलं, बघा, अशा नजरेने.

तुळसाने माझ्याकडे बघितलं नाही. मूठ घट्ट केली. “हाइ,” ती म्हणाली, म्हणजे हो. फार हळू.

गोष्ट पुढे सरकली. आजींना दुसऱ्या कोणी फळ तोडलेलं खपायचं नाही. “हो का?” तुळसा जपानीत म्हणाली. दाणा पडला. एका आजोबांनी काठीने फळ पाडलं. “अरेरे.” दाणा. आजींनी त्या आजोबांची कवळी लपवली.

“अगं बाई,” तुळसा म्हणाली. “मग?”

मराठीत. तिच्या ध्यानातही आलं नाही. सभागृह हसलं. ती हसण्याने भानावर आली, तोंडावर हात गेला, मुठीतले तांदूळ मांडीवर सांडले. मला वाटलं, संपलं. आता मान खाली जाईल आणि वर येणार नाही.

मोरिताबाई हसल्या नाहीत. त्या खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. “मग,” त्या जपानीत म्हणाल्या, “आम्ही तीन दिवस कवळी शोधली. कुठे होती सांग.”

“कुठं?” तुळसाने विचारलं. या वेळी जपानीत.

“झाडाच्या ढोलीत.”

तुळसा हसली, आणि त्यानंतर तांदूळ वेचायचं दोघींनाही सुचलं नाही. वाटीत दाणे पडायचे बंद झाले, गोष्ट थांबली नाही. आजींच्या माहेराची, त्यांच्या हातांची, त्यांना भरवायचं कसं याची. वेळेची घंटा झाली. मोरिताबाईंनी ती ऐकली नाही. पाठीमागच्या रांगेतून नाशिकचे स्तंभवाले गृहस्थ हळूच म्हणाले, “अहो, पण पुढे काय झालं त्या आजींचं?” त्यांना जेमतेम उत्तर मिळालं. त्या दोघींचं चाललं होतं.

आभार मानताना सबनीस सर म्हणाले, “आमच्या केंद्राने विकसित केलेली ही हुंकार पद्धत.” टाळ्या झाल्या. निबंधांचा संग्रह छापून आला, त्यात, मी हरकत घेऊनही, त्यांचंच नाव आधी होतं, आणि आजही ते तसंच आहे. कोणी विचारलं तर मी खरं सांगते. फारसं कोणी विचारत नाही. हे लिहितानाही माझे कान तापलेत, म्हणजे राग काही मी पूर्ण देवापाशी पोहोचवलेला नाही.

तुळसा पुढच्या वसंतात जपानला गेली. विमानतळावरून भावाला फोन केला आणि फक्त “झालं” म्हणाली.

त्या शनिवारी मी उपाशी राहिले. रात्री अक्काला फोन करून सांगितलं, नेम मोडला म्हणून. ती नव्वदीला टेकलेली, कान गेलेले. दोनदा सांगावं लागलं. “उठलीस ना पानावरून?” तिने विचारलं. उठले म्हटलं. “मग काय राहिलं? उद्यापासून पुन्हा धर,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सोमवारी दुपारी मी शिक्षकखोलीत डबा घेऊन बसले. दमयंती समोर होती. मी झाकण काढलं, देवाचा घास बाजूला ठेवला. तेवढ्यात दाराशी चहाचा कप दिसला. कप तिथेच रेंगाळला.

मी हात मागे घेतला. डब्याला झाकण लावलं. दोन्ही हात झाकणावर ठेवले.

“बोला, सर.”

“नाही, नाही. तुम्ही जेवून घ्या. सावकाश होऊ दे.”

“आधी तुमचं होऊ दे. मला घाई नाही.”

ते उभे राहिले. कपात बघितलं. दमयंती जेवायची थांबून आमच्याकडे बघत होती, आणि तिने मुद्दाम, अगदी अक्कासारखं म्हटलं, “हूं?”

“काही विशेष नव्हतं,” सर म्हणाले.

ते गेले. त्यांची पावलं जिन्याशी जाईपर्यंत मी ऐकली. मग झाकण काढलं आणि पहिला घास घेतला.